रेंज नाही, काका!

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी घरात "रेंज नाही" असं सांगितलंय? आणि किती जणांच्या आईबाबांनी त्यावर लगेच विश्वास ठेवलाय? पहिल्या प्रश्नाला झाडून सगळे हात वर जातील. दुसऱ्याला किती जातील ते मला ठाऊक आहे, कारण विश्वास न ठेवणाऱ्या मोठ्या माणसांत मीही होतो. तीच गोष्ट आज सांगतो. चांगल्या रेंजचा राउटर घ्यायला जाऊन मी कसा फसलो, तेही तिच्यात ओघानं येईलच. आईबाबांनीही हे पान वाचायला हरकत नाही. त्यांच्या खिशाशी त्याचा संबंध आहे.

आमचं घर जालना जिल्ह्यात, अंबडला. मत्स्योदरी देवीचं अंबड, तेच. घर जुनं आहे. रस्त्याकडून आत शिरलं की ढेलज, मग उघडा चौक, चौकापलीकडे माजघर आणि माजघराच्या मागे स्वयंपाकघर. माजघराच्या भिंती दगडमातीच्या, इतक्या जाड की खिडकीत पाय वर घेऊन बसता येतं. ढेलजेचं माळवद एका पावसाळ्यात खाली आलं, तेव्हा वडिलांनी तिथं स्लॅब टाकला. सळया अर्थातच जालन्याच्या. आमच्या जिल्ह्यात मोसंबी आणि सळया यांना तोटा नाही! स्वयंपाकघरावर नंतर एक खोली चढवली. तिच्या तीन बाजूंना विटा आणि चौकाकडच्या बाजूला पैसे संपले म्हणून पत्रा. वरही पत्राच.

ही पत्र्याची खोली म्हणजे माझ्या पुतणीचं राज्य. घरात आम्ही तिला 'ताईसाहेब' म्हणतो. २०२० साली ती आठवीत होती.

त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि पुढे मोबाईलवर तास सुरू झाले, हे तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. धाकट्यांनी आईला विचारावं. आमच्या घरात शिकणारी मुलं दोन आणि मुलांच्या वाट्याला फोन एक. तोही भावानं वापरून टाकलेला, काचेला तडा गेलेला. मोबाईलचा डेटा दुपारीच संपायचा. मग आम्ही फायबरची जोडणी घेतली. जोडणारा मुलगा आला, खांबावरून वायर ओढली, ढेलजेत दारामागं मीटरच्या फळीखाली एक पांढरा डबा ठोकला आणि गेला. वायर जिथं संपली तिथं डबा! मी म्हटलं, वा, छान झालं.

ढेलजेत छानच होतं. माजघरात गेलं की चाक फिरायला लागायचं. वरच्या खोलीत तर बाई एकच शब्द तीनदा म्हणायच्या आणि मग तोंड उघडं ठेवून थिजायच्या.

मी घरातला शिकलेला माणूस. म्हटलं, यात काय अवघड आहे, मोठा राउटर आणू. बसनं जालन्याला गेलो. दुकानात चार प्रकार मांडलेले. मी विचारलं, "सगळ्यात जास्त रेंज कशाची?" दुकानदारानं सहा अँटेनांचा एक काळा डबा पुढे ठेवला. उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता तो. किंमत चार हजार दोनशे. खोक्यावर मोठ्या आकड्यात चौरस फूट लिहिलेले. मी आमच्या घराचे चौरस फूट मनात मोजले, तर दुप्पट घर झाकलं जाणार होतं. पैसे दिले आणि ऐटीत घरी आलो.

तो खेकडा मी त्याच जागी बसवला, दारामागं, मीटरच्या फळीखाली. चार दिवस कुणी काही बोललं नाही. मग ताईसाहेब म्हणाल्या, "काका, रेंज नाही वरती."

"चार हजाराचा आणलाय," मी म्हणालो. जणू काही रेंज बिल वाचून येते!

पुढे दिवाळीच्या आधी तिच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. ताईसाहेब आठवड्यात चार तासांना गैरहजर होत्या आणि घटक चाचणीचा पेपर आलाच नव्हता. मला राग आला. जेवायला सगळे बसलेले असताना मी तिला बोललो. "आमच्या वेळी पोरांचं पोट दुखायचं. आता रेंज जाते. नवा बहाणा सापडलाय तुम्हा लोकांना!" धाकटा भाऊ फिदीफिदी हसला. ती रडली असती, उलट बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिनं ताट तसंच ठेवून हात धुतले आणि जिना चढून वर गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली आलेखाचा एक कागद होता. तिच्या गणिताच्या वहीतून फाडलेला. त्यावर आमच्या घराचा नकाशा होता, पट्टीनं काढलेला. टेपनं मोजून भिंतींची जाडीसुद्धा लिहिली होती. घराचे एकोणीस चौकोन पाडलेले आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. सगळे आकडे उणे. खाली बारीक अक्षरात टीप होती: 'सकाळ, दुपार, रात्र अशी तीन मापं घेऊन सरासरी काढली आहे.'

ढेलज, डब्याजवळ: उणे ४०. चौक: उणे ५६. माजघर: उणे ७३. वरची खोली: उणे ८६.

मी फोन घेऊन घरभर फिरलो. तपासून पाहिलं म्हणा ना, अजूनही माझा विश्वास नव्हता. आकडे बरोबर होते.

हे आकडे काय आहेत ते आधी सांगतो, कारण तुम्हांलाही ते काढता येतात. रेंजची ताकद दाखवणारी ॲप्स फोनवर फुकट मिळतात. माप असतं डेसिबल-मिलिवॅटमध्ये. एक मिलिवॅट ताकद म्हणजे शून्य. आपल्या फोनपर्यंत पोचते ती ताकद त्याहून फार फार कमी असते, म्हणून आकडा उण्यात. कर्जासारखं समजा: उणे जितकं कमी तितकं बरं. आणि यात एक गंमत आहे. दहानं खाली उतरलं की ताकद दहावा हिस्सा होते. वीसनं उतरलं की शंभरावा, तीसनं उतरलं की हजारावा. व्हिडिओवर बोलायचं, तास ऐकायचा, तर साधारण उणे ६७ च्या अलीकडे राहिलेलं चांगलं. उणे ८० च्या पलीकडे नुसती जोडणी दिसते, काम होत नाही.

आता तुम्हीच हिशेब करा. डब्याजवळ उणे ४०, वर उणे ८६. फरक ४६ चा. म्हणजे डब्याजवळ जी ताकद होती, तिचा सुमारे चाळीस हजारावा हिस्सा पोरीच्या खोलीत पोचत होता. आणि फोन मात्र एक काडी दाखवत राहायचा, 'आहे' म्हणून! ती काडी बघून मी तिला खोटं ठरवलं होतं.

आई त्या वेळी माजघरात गहू निवडत बसली होती. तिला आकडे कळले नाहीत, पण कागद कळला. म्हणाली, "काहून बोललास रे पोरीला? तिनं मोजलं तरी. तू काय मोजलंस?"

मी वर गेलो. ताईसाहेब खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून फोन धरून बसल्या होत्या, डावा कान तासाला लावून. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "थांबा काका, तास चालू आहे."

तास संपल्यावर आम्ही दोघं कामाला लागलो. आणि मग मला कळलं की चार हजार दोनशे रुपये देण्याआधी जे करायला हवं होतं ते आम्ही आत्ता करत होतो.

तिनं पहिली गोष्ट दाखवली ती माजघरातली. एकाच भिंतीच्या आड दाराजवळ आकडा उणे ६१ आणि तीन हातांवर उणे ७९. असं का व्हावं? भिंत तीच, जाडी तीच. आम्ही बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिथं ज्वारीची कोठी होती! पुरुषभर उंच, पत्र्याची. रेडिओलहरी धातूतून आरपार जात नाहीत, आरशावरून उजेड परतावा तशा परततात. म्हणून लोखंडी कपाट, फ्रीज, पाण्याची लोखंडी टाकी, पत्र्याचं दार, इतकंच काय, मोठा आरसासुद्धा (त्याच्या पाठीला धातूचा मुलामा असतो) रेंजच्या वाटेत उभा राहतो. स्लॅबमधल्या सळयाही आपला वाटा उचलतात. आमच्याकडे तर पहिल्याच खोलीत सळया, मग दगडमाती, मग कोठी, आणि शेवटी ताईसाहेबांच्या खोलीचा पत्रा. मी राउटर नव्हे, किल्ला सर करायला माणूस पाठवला होता.

कोठी रिकामी करून सरकवायला आख्खी सकाळ गेली. आकडा नऊनं सुधारला. फुकटात!

ताईसाहेबांनी मग एक प्रश्न विचारला. तिनं जगदीशचंद्र बोस यांच्याबद्दल वाचलं होतं. १८९५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बोसांनी तेवीस मीटरवरून, मधे दोन भिंती असताना, बिनतारी लहरी पाठवल्या, पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. "त्यांच्या लहरी सव्वाशे वर्षांपूर्वी दोन भिंती ओलांडून गेल्या," ती म्हणाली, "आणि आपल्या चार हजाराच्या डब्याला एक भिंत ओलांडता येईना?"

मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग सुचलं ते असं. बोसांना घंटा वाजवायची होती. घंटेला एक धक्का पुरतो. लहर कशीबशी पोचली तरी काम झालं. ताईसाहेबांच्या तासाला मात्र एका सेकंदात लाखो खुणा, एकही न चुकता, पोचाव्या लागतात. लहर दुबळी झाली की राउटर आणि फोन सावकाश बोलायला लागतात, चुकलेलं पुन्हा सांगतात, आणि तेवढ्यात बाई तोंड उघडं ठेवून थिजतात. शिवाय बोसांनी आपल्या लहरी एका दिशेनं रोखलेल्या होत्या. आपला राउटर बिचारा चहूकडे वाटत सुटतो.

कसा वाटतो तेही बघा. एक पेन्सिल उभी धरा आणि तिच्यात मेदूवडा अडकवा. पेन्सिल म्हणजे अँटेना, वडा म्हणजे तिची रेंज. दांडीच्या आजूबाजूला भरपूर, टोकाच्या बरोबर वर आणि खाली जवळजवळ काहीच नाही. म्हणजे अँटेना उभी ठेवली तर रेंज आडवी पसरते. वरच्या मजल्यावर पाठवायची असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघावी. जास्त 'डीबीआय'ची अँटेना असं खोक्यावर लिहिलेलं असतं ना, ती काही ताकद जन्माला घालत नाही. ती वड्यावर तळहात दाबते. वडा चपटा होऊन लांब पसरतो, पण उंची गमावतो. आणि सहा अँटेना म्हणजे सहापट रेंज, असं मुळीच नाही. त्या मुख्यतः एकाच वेळी जास्त माहिती पाठवण्यासाठी असतात, म्हणजे वेगासाठी. मी खेकड्याचे पाय मोजून भुललो होतो.

मग ताकदीचं काय? जास्त दमदार राउटर मिळत नाही का? इथं सरकारी नियम आड येतो, आणि तो बरा आहे. आपल्याकडे २००५ साली वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. कुणीही वापरावा, पण ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत. त्यामुळे हजाराचा राउटर काय आणि पाच हजाराचा काय, ओरडायची परवानगी दोघांना सारखीच. आणि समजा एखाद्यानं चोरून भोंगा लावला, तरी उपयोग काय? फोनला उत्तर द्यावं लागतं ना! फोनचा आवाज सहसा राउटरहून बारीक असतो. तुम्ही शेताच्या या बांधावरून कर्ण्यातून हाक मारली आणि त्या बांधावरचं पोरगं कुजबुजून 'ओ' म्हणालं, तर तुम्हांला ते ऐकू येणार आहे का? कधी कधी काड्या भरपूर दिसतात आणि काम अडतं, त्याचं एक कारण हेही असतं.

आमच्या फोनची आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती कळल्यावर मी कपाळाला हात लावला. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, त्याची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, लहर त्याच्या निम्म्याहूनही थोडी आखूड. लग्नाच्या मांडवातला ढोल भिंतीआडही ऐकू येतो, सनई येत नाही. तसंच काहीसं इथं आहे. लांब लहर भिंतीतून बरी जाते, आखूड लहर वेग जास्त देते पण भिंतीपाशी लवकर दमते. माझ्या चार हजारांतले निम्मे तरी पैसे त्या ५ च्या पट्ट्याचे होते. आणि ताईसाहेबांचा तडा गेलेला फोन फक्त २.४ ओळखत होता!

म्हणून सांगतो, दुकानात जाण्याआधी घरातले फोन काढून बघा. घरच्या सगळ्यात जुन्या फोनला जे समजत नाही, ते राउटरला कितीही येत असलं तरी त्या फोनवाल्याला काय उपयोग? खोक्यावरचे 'वायफाय ५', 'वायफाय ६' हे आकडेही मुख्यतः वेगाचे आणि एकाच वेळी किती जणांना सांभाळता येईल त्याचे असतात. चौरस फुटांचा आकडा तर मी आता वाचतच नाही. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीवर जिप्समच्या पातळ फळ्या ठोकून केलेल्या असतात. तिथले चौरस फूट वेगळे आणि अंबडचे वेगळे.

गजबजाटाबद्दल थोडं सांगून टाकतो. शेजारच्यांचे राउटर त्याच पट्ट्यावर बोलत असतात. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल तेरा दिसतात, पण १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्यातला ज्यावर गर्दी कमी तो निवडावा. दुबळी लहर ऐकायला शांतता लागते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला आपली मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची. ताऱ्यांकडून येणारी अतिक्षीण कुजबुज ऐकायची म्हणून ती शहरांच्या कलकलाटापासून दूर बांधली. आमच्या अंबडच्या गल्लीत तेव्हा चारच राउटर होते, त्यामुळे हा त्रास आम्हांला फार नव्हता. आता असेल.

आता खरा प्रश्न. डबा ठेवायचा कुठं?

ताईसाहेबांनी नकाशावर घराच्या बरोबर मध्यावर फुली मारली होती. फुली आली चौक आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीवर. आणि तिथं आधीपासूनच एक देवळी होती, छातीच्या उंचीवर. वर अजून काजळी धरलेली. लाईट नव्हती तेव्हा माझी आजी तिथं चिमणी ठेवायची. देवळीच्या जागी भिंत निम्मीच जाड असते, हे ताईसाहेबांच्या टेपला माहीत होतं, मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं.

मला वाटलं, आई नको म्हणेल. दिव्याच्या जागी हा काळा खेकडा कसा ठेवायचा? पण आईनं देवळी पदरानं पुसली. "दिव्याचीच तर जागा आहे ती," ती म्हणाली. "घरभर उजेड पडावा म्हणून तिथं ठेवायचे. दारामागं कोण ठेवतं?"

फायबरचा पांढरा डबा ढेलजेतच राहिला. त्याच्यापासून देवळीपर्यंत अठरा मीटर केबल चौकाच्या वळचणीखालून ओढली. साधी नेटवर्कची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, तिच्यातून जाताना रेंज वगैरे काही कमी होत नाही. माजघराचा आकडा उणे ७३ होता तो आला उणे ४९ वर. आई स्वयंपाकघरात बसून पंढरपूरची आरती बघायला लागली.

वरची खोली मात्र हटली. उणे ७८! चौकाकडून येणारी लहर पत्र्यावर आपटून परत जायची. दुकानदार फोनवर म्हणाला, रिपीटर लावा. रिपीटर म्हणजे ऐकलेलं पुन्हा सांगणारा. पण तो एकाच तोंडानं ऐकतो आणि सांगतो, त्यामुळे वेग बहुधा निम्म्यावर येतो. आणि ज्या जागी त्यालाच नीट ऐकू येत नाही, तिथं तो दुसऱ्याला काय सांगणार? आम्ही जिन्यावरून दुसरी केबल वर नेली आणि पत्र्याच्या आत एक छोटा राउटर लावला. दोन अँटेनांचा, फक्त २.४ वाला, नऊशे रुपयांचा. त्याला 'ॲक्सेस पॉइंट' करून ठेवायचं असतं, म्हणजे तो नुसता रेंज देतो, बाकीची व्यवस्था खालचाच बघतो. ते कसं करायचं ते पुस्तिकेत होतं. पुस्तिका ताईसाहेबांनी वाचली, मी नट आवळले.

उणे ४३.

तिनं कागदावरचा ८६ खोडला नाही. त्याच्या शेजारी लाल पेन्सिलीनं ४३ लिहिलं आणि म्हणाली, "बरोबर निम्मं!" मग स्वतःच जीभ चावली. "नाही, नाही. निम्मं नाही. वीस हजारपट." गणित तिचं पक्कं होतं.

चाचणीचं म्हणाल, तर मी वर्गशिक्षिकांना फोन केला आणि झालं ते सांगितलं. माझी चूकही सांगितली. त्यांनी तो नकाशा पाठवायला लावला आणि चाचणी पुन्हा घेतली. नंतर कळलं की वर्गातल्या नऊ मुलांनी आपापल्या घरांचे नकाशे काढले. एकाच्या घरी राउटर पाण्याच्या लोखंडी टाकीमागं होता, एकीच्या घरी दूरदर्शन संचाच्या पाठीशी. एका मुलाकडे मात्र राउटर नव्हता आणि फोनही शेजाऱ्यांचा होता. त्यानं कोरा कागद पाठवला, वर नाव लिहून. त्या कोऱ्या कागदाबद्दल बाईंनी मला सांगितलं तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नाही. तो मुलगा पुढे दोन महिने आमच्या ढेलजेत येऊन बसायचा, तोंडाला रुमाल बांधून, ओसरीच्या त्या टोकाला. तिथं आकडा उणे ५२ होता.

एक सांगायचं राहिलं. राउटरला वीज लागते, आणि आमच्याकडे वीज जाते. राउटरसाठी छोटासा यूपीएस मिळतो, हाताएवढा. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपियर लिहिलंय ते बघून त्याच मापाचा घ्यावा. बहुतेक ठिकाणी बारा व्होल्ट असतात. मात्र फायबरच्या डब्यालाही वीज लागते, हे विसरू नका. आम्ही विसरलो होतो. देवळीतला दिवा चालू आणि ढेलजेतला डबा बंद, अशी एक आख्खी संध्याकाळ गेली.

ताईसाहेब आता छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात शिकतात, वसतिगृहात राहतात. नकाशा माजघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. कोठी परत जागेवर गेली नाही. गेल्या महिन्यात रात्री तिचा फोन आला. दोन वाक्यं आली आणि आवाज तुटायला लागला.

"रेंज नाही, काका!"

"आकडा किती?" मी विचारलं.

थोडा वेळ नुसती खरखर. मग दुरून आवाज आला, "उणे एक्क्याऐंशी."

"मग पलंग सरकव," मी म्हटलं. "लोखंडी कपाटाच्या आड असणार तू."

"तुम्हांला कसं कळलं?" ती म्हणाली, आणि फोन तुटला.